रंगोबाचं ऑफिस

रंगोबा रोज सकाळी आंघोळ करायचा, इस्त्रीचा शर्ट घालायचा, डबा पिशवीत टाकायचा, आईला "येतो गं" म्हणायचा आणि ऑफिसला निघायचा. समोरच्या रस्त्याने कोपऱ्यापर्यंत जायचा, औषधांच्या दुकानापाशी वळायचा, लाँड्रीपाशी पुन्हा वळायचा आणि माझ्या घराची बेल वाजवायचा. माझ्या मागच्या खोलीत त्याचं ऑफिस आहे. त्याची इमारत आणि माझी इमारत पाठीला पाठ लावून उभ्या आहेत. मध्ये एक अंगण, त्यात दोन पाण्याच्या टाक्या आणि कुणीच वापरत नाही अशी एक सायकल. अंगणातून यायचं तर चहा गार व्हायच्या आत माणूस इकडचा तिकडे होईल. पण तसा तो येत नसे. ऑफिसला जाणारा माणूस रस्त्याने जातो.

हे सोंग का, ते आधी सांगून टाकते. मला गोष्ट गुंडाळून ठेवायची सवय नाही.

रंगोबा हे त्याचं खरं नाव नाही हे उघड आहे. लहानपणी त्याने जिन्याची भिंत खालपासून वरपर्यंत रंगीत खडूंनी रंगवली, तेव्हापासून दोन्ही इमारतींत तो रंगोबा. आता कानापाशी केस पिकलेत, पण नाव तेच. धंदा डिझाइनचा. कुणाच्या नोकरीत नाही, स्वतःचा स्वतः. बिस्किटांचे पुडे, औषधांची खोकी, शाळेची माहितीपत्रकं, दुकानाच्या पाट्या, सगळं करतो. आमच्या वाण्याच्या फळीवर निम्मा माल रंगोबाने सजवलेला आहे. पण वाण्यालाही ते ठाऊक नाही. खोक्यावर बनवणाऱ्याचं नाव असतं, विकणाऱ्याचं असतं, खोकं सुंदर करणाऱ्याचं कुठेही नसतं.

स्वतःचा स्वतः म्हणजे मोकळा, असा लोकांचा एक गोड गैरसमज आहे. "तू घरीच असतोस ना" हे वाक्य त्या पोराने जितक्यांदा ऐकलं असेल तितक्यांदा मी स्वतःचं नावही ऐकलं नसेल. घरीच असतोस ना, मग गॅसवाला येईल तेव्हा दार उघड. घरीच असतोस ना, मग आमचं पार्सल घेऊन ठेव. चुलत भावाच्या पोराला शाळेतून आण. एकदा तर खालच्या मजल्यावरच्या बाईंनी त्याच्याकडे पोपट ठेवला, आठवडाभर. पोपटाने त्या आठवड्यात "हो सर, करतो सर" म्हणायला शिकून घेतलं.

कारण साहेब नाही म्हणावं तर साहेबच साहेब. मी नोकरीत होते तेव्हा मला एक साहेब होता. त्याचा स्वभाव कळला की निम्मं काम झालं. रंगोबाला सोमवारी एक, मंगळवारी दुसरा. एकाला अक्षर मोठं हवं, एकाला "जरा उठून दिसेल असं काहीतरी", आणि ते काहीतरी म्हणजे काय हे ब्रह्मदेवाला ठाऊक. आजारी पडायची सोय नाही. ताप आला तरी फोनवर आवाज खणखणीत. काम आलं की जेवायला वेळ नाही, काम नसलं की जेवण घशाखाली उतरत नाही.

तर हे सगळं तो आधी आपल्या घरी, खिडकीपाशी टेबल टाकून करायचा. मग त्याची आई विसरायला लागली.

त्यांना मी वहिनी म्हणते. माझ्यापेक्षा लहान, पण वहिनीच. सुरुवातीला चष्मा विसरल्या, मग दूध उतू गेलं, मग आम्ही कुणाबद्दल बोलतोय ते. डॉक्टर म्हणाले, वय आहे, हळूहळू वाढेल, सांभाळून घ्या. सांभाळून घेतलं. पण एक गोष्ट सांभाळता येईना. रंगोबा कामाला बसला की वहिनी दारात येऊन उभ्या राहायच्या. "आज नाही गेलास?" तो म्हणायचा, "आई, काम इथेच असतं माझं." त्या मान हलवून जायच्या आणि थोड्या वेळाने परत. "नोकरी गेली का रे?" पुन्हा तेच उत्तर. दुपारपर्यंत त्यांचा चेहरा एवढासा झालेला असायचा, आणि संध्याकाळी त्या त्याच्याशी अहो-जाहो करून बोलायला लागायच्या. "अहो, काही कळलं का त्यांच्याकडून? परत घेतायत का?"

म्हणजे तो त्यांना नवरा वाटायला लागे. रंगोबाचे वडील ज्या कारखान्यात होते तो बंद पडला होता. त्यानंतर त्यांनी पुढची बरीच वर्षं खिडकीपाशी खुर्ची टाकून काढली. त्याच खिडकीपाशी.

पोरगा रडकुंडीला आला. मला म्हणाला, "मावशी, मी दिवसभर काम करतो आणि ती दिवसभर मला बेकार समजून झुरते. काय करू?"

मी म्हटलं, "घरातून बाहेर पड. माझी मागची खोली अडगळीने भरली आहे. अडगळ काढ नि बस. सकाळी निघ, संध्याकाळी ये. तिला दिवसभर सोबत करणारी बाई ठेव. तिला घरी बसलेला पुरुष दिसला नाही की प्रश्न मिटला."

आणि मिटला. वहिनी दारापर्यंत सोडायला यायला लागल्या. "डबा घेतलास? रुमाल?" दुपारी झोपायला लागल्या. दोन घास जास्त जेवायला लागल्या. त्यांच्या मागच्या गॅलरीतून माझी मागची खिडकी समोरासमोर दिसते, म्हणून तिथे मी माझा जांभळ्या फुलांचा जुना जाड पडदा कायमचा ओढून ठेवला. पडदा बंद, खोली अंधारी, रंगोबा खूश. म्हणे स्क्रीनवर उजेड पडत नाही.

बरेच महिने हे सुरळीत चाललं. मग एके दुपारी धो धो पाऊस झाला.

संध्याकाळ झाली तरी थांबेना. रंगोबा दमलेला होता. आई आतल्या खोलीत असेल असा हिशोब करून अंगणातून, पत्र्याच्या आडोशाने, चार ढांगांत घरी गेला. वहिनी दारातच होत्या. त्यांनी त्याच्या खांद्याला हात लावला. केसांना लावला. छत्री खुंटीवर होती, तिच्याकडे पाहिलं.

"छत्री नेली नव्हतीस."

"अं? हो, विसरलो."

"मग कोरडा कसा?"

विसराळू माणसाला कुणी वेडं समजू नये. सकाळी काय खाल्लं ते ज्यांना सांगता येत नव्हतं, त्यांनी एका हाताने सगळं तपासलं. रंगोबा काहीतरी पुटपुटला. रिक्षा, मित्र, असं. वहिनी खुर्चीत बसल्या आणि हळूच म्हणाल्या, "अहो, खरं सांगा. रोज जाता कुठे?"

दुसऱ्या दिवशी त्यांनी डबा दिला नाही. डबा हातात धरून ठेवला. तिसऱ्या दिवशी म्हणाल्या, "मला ऑफिस दाखव. मग जा." तेच पुढच्या सकाळीही. बाकी सगळं विसरत होत्या, एवढं विसरेनात. जेवण पुन्हा सुटलं. सोबतीची बाई मला अंगणातून ओरडून सांगायची, "आज पण नुसतं पाणी!"

तेव्हा मी रंगोबाला समोर बसवलं आणि त्याला माहीत नसलेली गोष्ट सांगितली. कारखाना बंद पडल्यावर त्याच्या वडिलांनी घरी सांगितलं नव्हतं. रोज डबा घेऊन निघायचे, "येतो गं" म्हणायचे आणि पलीकडच्या बागेत बाकावर बसून राहायचे. वहिनींना ते एका पावसात कळलं. त्या छत्री द्यायला कारखान्याच्या फाटकाशी गेल्या, तर फाटकाला कुलूप. मग बागेत गेल्या. ते भिजत बाकावर बसले होते, मांडीवर डबा. दोघं एका छत्रीतून घरी आली. मला त्यांनी हे एकदाच सांगितलं, भांडी घासता घासता, माझ्याकडे न बघता.

 रंगोबा म्हणाला, "म्हणजे आपण तिला पुन्हा तेच दाखवतोय."

"तेच. अक्कल माझी, पाय तुझे."

"बाबांकडे दाखवायला काही नव्हतं मावशी. माझ्याकडे आहे. दाखवू."

"मग आण तिला नि सांग, हे बघ, मावशीच्या मागच्या खोलीत बसतो."

"मावशीकडे म्हणजे तिला घरीच वाटणार. नाही. तिला ऑफिस बघायचंय तर ऑफिस दिसलं पाहिजे."

झालं. एखाद्या डिझायनरच्या तोंडून "दिसलं पाहिजे" निघालं की आपण बाजूला व्हावं. त्याने खोली रिकामी केली. भिंतींना राखाडीकडे झुकणारा एक हिरवा रंग लावला. त्यासाठी आधी भिंतीवर सात-आठ हिरव्यांचे चट्टे ओढून मला विचारलं. मला सगळे एकच दिसत होते. आपल्याच ऑफिसची पाटी करायला बसला, तर स्वतःलाच तीन नमुने करून दाखवले आणि मला म्हणाला, निवडा. मी तिसरा निवडला. त्याचा चेहरा पडला.

"तिसरा नुसता दाखवायला ठेवला होता हो."

"मग ठेवलास कशाला?"

"तीन द्यायचे असतात."

"कोणाला? तूच गिऱ्हाईक, तूच कारागीर!"

"सवय आहे," तो म्हणाला. "आणि माणूस नेमका तिसराच उचलतो." शेवटी तिसराच लावला. नियम म्हणजे नियम.

या नाटकात तिसरं पात्र छापखानेवाला. रंगोबाची निम्मी कामं तो छापतो. पोट पुढे, आवाज त्याच्याही पुढे. त्याच्याकडे डिलिव्हरीची व्हॅन आहे. ठरलं असं की त्याने व्हॅन पुसून आणायची, वहिनींना आणि मला बसवायचं, गावभर एक चक्कर मारायची आणि बाजूच्या बोळात आणून उभी करायची. तिथून एक लोखंडी जिना थेट माझ्या मागच्या खोलीला येतो. एरवी तो फक्त नळवाला वापरतो, वहिनींनी तो कधी पाहिलेला नाही. माझ्या स्वयंपाकघराकडचं दार बंद, त्यावर मोठं कॅलेंडर.

"काकू, ऑफिसची गाडी!" छापखानेवाल्याने दार उघडून कमरेत वाकून सांगितलं. एवढं वाकायची काही गरज नव्हती.

वहिनींनी ठेवणीतले कपडे घातले होते, हातात पर्स. गाडीत मला विचारत होत्या, "ताई, त्याचे साहेब असतील का? मी काय बोलू?"

"काही बोलू नका. बघा फक्त."

"तुम्ही पाहिलंय?"

"पाहिलंय," मी म्हटलं. खोटं नव्हतं.

छापखानेवाला नको तितकी वळणं घेत होता. एकाच पेट्रोल पंपावरून आम्ही दोनदा गेलो. दुसऱ्यांदा वहिनी म्हणाल्या, "इकडे पंप फार आहेत." मी खिडकीबाहेर बघत राहिले.

जिना चढून आम्ही आत गेलो, आणि माझ्याच खोलीने माझे डोळे दिपले. उंच दिवा, टेबलावर नमुने ओळीने मांडलेले, भिंतीवर खोक्यांच्या, पुड्यांच्या चौकटी, पाहुण्यांसाठी खुर्ची, पाण्याचा ग्लास, त्यावर झाकणी. खोलीत उजेडच उजेड. उजेड कुठून आला हे माझ्या लक्षात यायला एक क्षण लागला.

खिडकीला पडदा नव्हता.

मी त्याच्या दंडाला धरून कुजबुजले, "पडदा कुठाय?"

"तुम्ही निघाल्यावर काढला," तो म्हणाला. "मावशी, तो जांभळा या हिरव्यावर फार खुपत होता."

आता याला काय म्हणावं! दुसरा कुठलाही माणूस फसवायला निघाला असता तर त्याने खोली उघडीबोडकी ठेवली असती आणि पडदा लावला असता. याने चार भिंती मन लावून सजवल्या आणि जो एक पडदा सगळं झाकत होता तो रंग जुळत नाही म्हणून काढून टाकला.

वहिनी खिडकीपाशी पोचल्या होत्या. समोर हात लांब केला तर लागेल अशी त्यांची गॅलरी. दोरीवर निळ्या पट्ट्यांची चादर. त्यांनी सकाळी स्वतः पिळून वाळत घातलेली.

"हे आमचं घर," त्या म्हणाल्या.

छापखानेवाला पुढे सरसावला. "काकू, लांबून तसं वाटतं. हल्ली सगळ्या इमारती सारख्याच—"

"मला माझी चादर कळत नाही?"

 वहिनींनी वळून खोली पाहिली. छत पाहिलं. छताच्या कोपऱ्यात जुना ओलीचा डाग होता, त्यावरून रंग देऊनही थोडा उमटलेला. मग बंद दारावरचं कॅलेंडर पाहिलं. मग मला. त्यांच्या चेहऱ्यावरचं एकेक काही विझत गेलं, आणि त्या रंगोबाकडे वळून अगदी हळू, न रागावता म्हणाल्या, "अहो, तुम्ही इथेच बसत होता होय? सांगायचं तरी. मी पाणी तरी आणून दिलं असतं."

रंगोबाचे हात नुसते लोंबत होते. "आई, मी..."  मी आयुष्यभर लोकांना गप्प बसवलंय, पण त्या वेळी कुणीतरी काहीतरी बोलावं म्हणून माझा जीव तळमळत होता.

बोलला तो फोन.

टेबलावर वाजला आणि सवयीने रंगोबाचा हात गेला. फोन मलमवाल्याचा होता. हे त्याचं सगळ्यात जुनं आणि सगळ्यात खवीस गिऱ्हाईक. ज्याच्या मलमाचं खोकं वहिनींच्या उशाशी असतं तो. फोन कानाला असला तरी त्याचं बोलणं खोलीभर.

"हा काय हिरवा दिलाय? हिरवा असा असतो? माझ्या मिसेस म्हणाल्या शेवाळं आहे शेवाळं!"

"हो सर. थोडा खुलवतो सर."

"थोडा नाही! आणि ते पान डावीकडे का गेलं?"

"तुम्हीच सांगितलं होतं सर, डावीकडे."

"मी सांगितलं तरी तुम्हाला कळायला नको? उद्या सकाळी सगळं परत पाहिजे. काय अवघड आहे त्यात? दिवसभर घरीच तर बसून असता!"

वहिनी दोन पावलं पुढे आल्या. रंगोबाच्या कानापासून फोन काढून त्यांनी तोंडासमोर धरला, पूर्वी लांबच्या गावी फोन लागला की धरायच्या तसा.

"कोण म्हणतं घरी बसलाय? ऑफिसात आहे तो. मी इथे समोर उभी आहे. मघापासून तुमचंच काम करतोय."

 पलीकडून बराच खालचा आवाज. "आपण कोण?"

"मी त्याची आई."

 "नमस्कार," मलमवाला म्हणाला.

"नमस्कार. तुमचं मलम चांगलं आहे. पण बोलणं नाही." आणि त्यांनी फोन परत रंगोबाच्या हातात दिला. तिकडून तो केव्हाच बंद झाला होता.

मग त्या पाहुण्यांच्या खुर्चीत बसल्या. पाण्यावरची झाकणी काढली, दोन घोट घेतले. आम्ही तिघं शाळेत उभी केल्यासारखी उभी.

"रोज ओरडतात का रे तुला असे?"

तू. अहो नाही.

"रोज नाही," रंगोबा म्हणाला. "एक दिवसाआड. वेगवेगळे."

"वेगवेगळे?"

"साहेब पुष्कळ आहेत आई."

वहिनींनी मान डोलावली. भिंतीवरच्या चौकटी एकेक करून पाहिल्या. मलमाचं खोकं ओळखलं, त्याच्यावरून बोट फिरवलं. म्हणाल्या, "तुझे बाबा बागेत बसायचे. दिवसच्या दिवस. त्यांना ओरडायलासुद्धा कुणी नव्हतं." मग म्हणाल्या, "ऑफिस खरं आहे तुझं."

रंगोबाने तोंड फिरवलं. छापखानेवाल्याने कारण नसताना खिशातून रुमाल काढून खिडकीची काच पुसली.

"आणि बरं झालं," वहिनी उठत म्हणाल्या, "इथून घर दिसतं. चादर उडाली तर तुला कळेल."

परत जाताना त्या व्हॅनमध्ये बसल्या नाहीत. कॅलेंडर बाजूला सारून त्यांनी माझं स्वयंपाकघराचं दार उघडलं, जणू काही झालंच नाही अशा थाटात माझ्या ओट्यावरून नजर फिरवली, "ताई, दूध झाका" म्हणाल्या आणि अंगणातून घरी गेल्या.

आता रंगोबा अंगणातूनच येतो. इस्त्रीचा शर्ट मात्र सोडलेला नाही. पडदा मी लाँड्रीवाल्याला पायपुसणी करायला देऊन टाकला. वहिनींचं विसरणं वाढतंच आहे, त्याला काही इलाज नाही. काही दिवस त्यांना मी कोण ते आठवत नाही. पण गॅलरीत येऊन समोर बघतात. दिवा दिसतो, दिव्याखाली एक पिकलं डोकं दिसतं. ते डोकं वर होऊन भिंतीकडे बघत बसलं तर त्या टाळी वाजवून खुणेने सांगतात, काम कर. दुपारी तो जेवायला जातो तेव्हा त्यांचा एकच प्रश्न असतो.

"आज ओरडला का साहेब?"

"ओरडला."

"बरं झालं. जेव."

मलमवाला आता फोन केला की आधी विचारतो, "ऑफिसात आहात ना?" मग ओरडतो. पण कामाचे दिवस असतात तसे बिनकामाचेही असतात. या धंद्यात ते येतातच. महिना महिना फोन वाजत नाही आणि रंगोबा टेबलाशी बसून पेन्सिलींना टोकं काढतो. अशा दिवसांत वहिनी गॅलरीत जास्त वेळ उभ्या राहतात. ऐकत असतात.

मग मी चहाचा कप खाली ठेवते, त्याच्या खोलीतली खिडकी सताड उघडते, स्वयंपाकघरात जाऊन त्याला फोन लावते आणि दोन्ही इमारतींना ऐकू जाईल एवढ्या आवाजात विचारते, "हा काय हिरवा आहे? हिरवा असा असतो?"

"हो सर," पलीकडून रंगोबा म्हणतो. "करतो सर."

मी दारातून डोकावते तेव्हा गॅलरी रिकामी असते. वहिनी चहाला आत गेलेल्या असतात. ओरडायची मला नव्याने सवय करावी लागली नाही, एवढं मात्र खरं.